वाखाऊतील तीन दिवस : द्राक्षमळ्यांच्या दरीत इतिहास आणि निसर्ग कोणत्या क्रमाने पाहावा

ऑस्ट्रियात मेल्क आणि क्रेम्स या दोन गावांच्या दरम्यान डॅन्यूब नदी सुमारे ३६ किलोमीटर एका अरुंद दरीतून वाहते. या पट्ट्याला वाखाऊ म्हणतात. दरीच्या उतारांवर सुमारे १३०० हेक्टर द्राक्षमळे आहेत, आणि युनेस्कोने २००० साली या भागाला ‘सांस्कृतिक भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतले. येथे येणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो : सकाळी व्हिएन्नाहून आगगाडीने मेल्क, तेथील भव्य मठ, मग बोटीने ड्यूर्नश्टाइन, थोडी वाइन, आणि संध्याकाळी क्रेम्सहून परत. आम्हीही आधी हाच कार्यक्रम आखला होता. तो का बदलला, बदलून काय साधले आणि कोठे चुकलो, याची ही नोंद आहे.

परिस्थिती अशी होती. आम्ही चौघे होतो : मी, माझे थोरले बंधू, वहिनी आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा. बंधू निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत. वहिनींचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे चढ जमतो पण सलग उतार जमत नाही. चौघांपैकी वाइन घेणारा मी एकटा. म्हणून निघण्यापूर्वी वहिनींनी सरळच विचारले, “तुमच्याखेरीज आम्हां तिघांना द्राक्षमळ्यांच्या गावात तीन दिवस काय करायचे आहे?” हा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहे, आणि तो मी थट्टेवारी नेला नाही, कारण वाइनच्या प्रदेशांची प्रवासवर्णने बहुधा पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात.

एका दिवसाच्या कार्यक्रमाबद्दल माझी हरकत वेळेपेक्षा क्रमाची होती. मेल्कचा मठ आधी पाहिला की त्याच्या सोन्याने आणि भित्तिचित्रांनी डोळे इतके भरून जातात की पुढची दरी केवळ बोटीतून दिसणारी शोभा उरते. या दरीची रचना मात्र खालून वर झालेली आहे. आधी खडक आणि माती, मग नदी, मग बांधांवरची द्राक्षे, आणि त्या द्राक्षांच्या उत्पन्नावर उभे राहिलेले मठ व किल्ले. पाहण्याचा क्रमही तसाच ठेवावा, असे मी सुचवले. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, द्राक्षतोडणीच्या दिवसांत, आम्ही दरीच्या साधारण मध्यावरच्या श्पिट्झ गावात तीन रात्रींचा मुक्काम ठरवला आणि मेल्क शेवटी, परतीच्या वाटेवर ठेवले.

पहिला दिवस : गडगे

श्पिट्झ गावाच्या मागेच ‘हजार बादल्यांची टेकडी’ आहे. चांगल्या वर्षी या एका टेकडीवरून हजार बादल्या वाइन निघते, म्हणून हे नाव पडले. येथील जुन्या मापात एक बादली म्हणजे सुमारे ५६ लिटर. टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली आहे, आणि प्रत्येक पायरी चुना किंवा सिमेंट न वापरता, दगडावर दगड बसवून रचलेल्या गडग्याने तोललेली आहे.

बंधूंनी येथे दोन तास काढले. सुरुवातीला मला वाटले की त्यांचा जुना पेशा जागा झाला आहे. नंतर लक्षात आले की दरीची किल्ली त्यांच्याच हाती लागली आहे. गडगा उभा सरळ नसून डोंगराच्या बाजूला किंचित कललेला असतो, मोठे दगड खाली आणि आडवे असतात, आणि मागच्या भरावात बारीक दगड घातलेले असतात, हे त्यांनी मुलाला हाताने दाखवले. पावसाचे पाणी सांध्यांतून झिरपून निघून जाते, म्हणून मागे दाब साचत नाही. हीच भिंत सिमेंटने बांधली, तर पाणी बाहेर काढण्याची वेगळी सोय करावी लागेल, नाहीतर ती फुगून कोसळेल. शिवाय दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो आणि ती वेलींना मिळते.

त्या सांध्यांना आणखी रहिवासी आहेत. उन्हे चढल्यावर मुलाला एका फटीतून हिरवागार, चांगला वीतभर सरडा बाहेर आलेला दिसला. या सरड्याला तेथे पाचू या अर्थाचे ‘स्माराग्ड’ हे नाव आहे, आणि वाखाऊतल्या सर्वांत भारदस्त वाइनच्या वर्गाचे नावही तेच आहे. येथील उत्पादकांच्या ‘विनेआ वाखाऊ’ या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संघाने आपल्या वाइनचे तीन वर्ग केले. सर्वांत हलकी ती ‘श्टाइनफेडर’, म्हणजे बांधांच्या आसपास उगवणाऱ्या पिसासारख्या गवताचे नाव. मधली ‘फेडरश्पील’, हा शब्द पाळीव ससाण्याकडून करवून घेण्याच्या शिकारीतून आलेला. आणि किमान १२.५ टक्के मद्यांश असलेली, उशिरा तोडलेल्या पक्व द्राक्षांची ती ‘स्माराग्ड’. तीन नावांपैकी दोन नावे मळ्यातल्या गवताची आणि प्राण्याची आहेत. वाइन न पिणाऱ्या मुलाला बाटलीवरचा शब्द भिंतीवर धावताना दिसला, तेव्हा वहिनींच्या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले.

येथेच आमच्याकडून पहिली चूक झाली. गडग्यांमध्ये काही दगड मुद्दाम बाहेर काढून त्यांच्या पायऱ्या केलेल्या असतात. मुलगा त्यांवरून वरच्या टप्प्यावर चढला आणि भिंतीच्या माथ्यावरून चालू लागला. तोडणी करणाऱ्या एका बाईंनी हात हलवून त्याला खाली उतरवले आणि शांतपणे सांगितले की माथ्याचा एक दगड सैल झाला, तर हिवाळ्यात त्याच्या आत पाणी गोठते आणि वसंतात अख्खा तुकडा खाली येतो. तो पुन्हा रचायला यंत्र उपयोगी पडत नाही, माणसेच लागतात. आम्ही क्षमा मागितली. चिन्हांकित पायवाट सोडायची नाही, हा नियम कोणत्याही फलकापेक्षा त्या दोन वाक्यांनी आम्हाला समजला. कोरड्या दगडी रचाईची ही कला २०१८ मध्ये काही युरोपीय देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली आणि २०२४ मध्ये त्यात ऑस्ट्रियाचीही भर पडली. ही बाब योग्य आहे असे मला मनापासून वाटते, कारण या दरीत सर्वांत मोठी ऐतिहासिक वास्तू कोणती असे विचारले, तर मी कोणत्याही किल्ल्याचे नाव न घेता या गडग्यांचे घेईन. बव्हेरिया आणि साल्झबुर्ग येथील धर्मपीठांनी व मठांनी मध्ययुगात या उतारांवर मळे वसवले, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ते दुरुस्त होत आले आहेत. एकही पिढी थांबली असती, तर टेकडीवर झुडपे माजली असती.

दुसरा दिवस : नदी आणि लोएस माती

बोटीच्या वेळापत्रकात एक आकडा असा आहे की तो वाचताच थांबावे. मेल्कहून क्रेम्सला जाणारी बोट साधारण पावणेदोन तास घेते, आणि तीच बोट उलट दिशेने जाताना सुमारे तीन तास घेते. याचे कारण प्रवाह. ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबचा बहुतेक भाग वीजनिर्मितीच्या बंधाऱ्यांनी अडवलेला आहे, आणि मोकळी वाहणारी नदी दोनच ठिकाणी उरली आहे : एक व्हिएन्नाच्या पूर्वेला आणि दुसरी या दरीत. येथेही वीजप्रकल्पाची योजना होती. तिच्या विरोधात १९७२ मध्ये वाखाऊच्या संरक्षणासाठी नागरिकांचे मंडळ उभे राहिले, आणि प्रकल्प अखेर सोडून देण्यात आला. वाखाऊच्या सौंदर्यात मठवासी आणि सरदार यांच्याइतकाच वाटा या अलीकडच्या नागरिकांचा आहे, हे प्रवासी पुस्तिकांत ठळकपणे सांगायला हवे.

प्रवाह प्रत्यक्ष पाहायचा, तर श्पिट्झहून समोरच्या आर्न्सडॉर्फला जाणारा तराफा घ्यावा. मेल्क सोडल्यावर थेट क्रेम्सजवळच्या माउटर्नपर्यंत नदीवर पूल नाही, त्यामुळे मोटारी आणि सायकलीही याच तराफ्याने पलीकडे जातात. त्याला इंजिन नाही. नदीवर आडवा पोलादी दोर ताणलेला आहे, त्यावरून सरकणाऱ्या दोराला तराफा बांधलेला आहे, आणि सुकाणूने त्याचे अंग प्रवाहाशी तिरके केले की पाणीच त्याला ढकलत पलीकडे नेते. काही मिनिटांच्या त्या प्रवासात कोणताही आवाज नसतो. वहिनींनी तो चार वेळा केला. चढउतार नाही, घाई नाही, आणि दोन्ही तीरांचे डोंगर एकाच वेळी दिसतात. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी दरीत यापेक्षा चांगली जागा नाही, असे त्यांचे मत आहे, आणि ते मला मान्य आहे.

दक्षिण तीरावर, म्हणजे आर्न्सडॉर्फच्या बाजूला, जर्दाळूच्या बागा आहेत. वाखाऊच्या जर्दाळूला युरोपीय संघाचे संरक्षित उगमनाम आहे. ही झाडे मार्चच्या अखेरीस ते एप्रिलच्या मध्यापर्यंत फुलतात आणि फळे जुलैत येतात, त्यामुळे सप्टेंबरात आम्हाला केवळ पानांची झाडे मिळाली. सपाट सायकलमार्गाने बंधू आणि मुलगा रोसात्सच्या दिशेने गेले. तेथे नदीचे जुने, गाळाने बुजलेले फाटे पुन्हा प्रवाहाला जोडण्याचे काम २००३ ते २००८ या काळात युरोपीय संघाच्या साहाय्याने झाले. माशांच्या पिल्लांना वाढायला आणि किनाऱ्याच्या पक्ष्यांना वाळूत घरटी करायला अशी मंद पाण्याची जागा लागते. मुख्य पात्रात जहाजांच्या लाटा तसे होऊ देत नाहीत. दोघे परत आले ते चिखलाने माखून आणि उत्साहात.

दुपारी आम्ही विलेनडॉर्फला गेलो, आणि हा आमच्या आखणीतला सर्वांत कच्चा भाग ठरला. १९०८ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या रेल्वेमार्गाचे काम चालू असताना येथे झालेल्या उत्खननात अकरा सेंटिमीटर उंचीची चुनखडी स्त्रीमूर्ती सापडली. ती ‘विलेनडॉर्फची व्हीनस’ म्हणून जगभर ओळखली जाते आणि सुमारे ३०,००० वर्षे जुनी आहे. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात असते. गावात एक मोठी प्रतिकृती, छोटे संग्रहालय आणि उत्खननाची जागा आहे. आम्ही मूळ मूर्ती पाहिलेली नव्हती, म्हणून मुलाला ती जागा म्हणजे गवताचा एक उतार आणि त्यावरचा दगडी पुतळा एवढीच वाटली, आणि त्याच्या निराशेला मी जबाबदार होतो. आधी व्हिएन्नात मूर्ती पाहून मग येथे आलो असतो, तर हा उतार बोलला असता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या मूर्तीचा दगड बहुधा उत्तर इटलीतला आहे. म्हणजे आल्प्सच्या पलीकडचा तो दगड माणसांच्या हातून, कदाचित कित्येक पिढ्यांच्या प्रवासात, डॅन्यूबच्या या काठावर पोहोचला.

तरीही विलेनडॉर्फने एक धागा हाती दिला. मूर्ती सापडली ती लोएसमध्ये. हिमयुगात वाऱ्याने उडवून आणलेली ही बारीक, पिवळसर माती दरीच्या पायथ्याशी जाड थरांत साचलेली आहे. तिने ती मूर्ती सांभाळली, आणि आज तीच माती ग्र्यूनर वेल्टलिनर या येथल्या मुख्य द्राक्षजातीला पोसते. वरच्या उभ्या उतारांवर माती पातळ आणि खाली नाइस जातीचा कठीण पट्टेदार खडक असतो. तेथे रीसलिंग ही दुसरी द्राक्षजात लावतात, कारण तिला कमी पाणी आणि दगडाची ऊब मानवते. पूर्वेकडच्या मैदानातून उबदार वारे दरीत शिरतात, उत्तरेच्या जंगली पठारावरून रात्री गार हवा उतरते, आणि या दोहोंच्या ओढाताणीत फळ सावकाश पिकते. वाइन चाखताना हे सारे जिभेला कळते असा दावा मी करणार नाही. पण वेलींच्या दोन जाती कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हे डोळ्यांना लांबूनही कळते, आणि ते न पिणाऱ्यालाही तितकेच खुले आहे.

त्या संध्याकाळी आम्ही ज्या होइरिगरमध्ये जाणार होतो, तो बंद निघाला. होइरिगर म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या अंगणातली बैठक. स्वतःच्या मळ्याची वाइन आणि घरचे पदार्थ विकण्याची परवानगी सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये दिली, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. घर उघडे असेल तेव्हा दाराबाहेर डहाळ्यांची जुडी टांगतात. एकेक घर वर्षातून काही ठरावीक आठवडेच उघडे असते आणि गावातली घरे आळीपाळीने उघडतात, त्यामुळे आधी गावाचे वेळापत्रक पाहिले पाहिजे. आम्ही ते पाहिले नव्हते. शेजारच्या गल्लीत जुडी टांगलेली दिसली, म्हणून उपाशी राहिलो नाही, आणि द्राक्षांचा ताजा रस मिळाल्याने बाकी तिघेही त्याच मेजावर माझ्याइतक्याच हक्काने बसले.

तिसरा दिवस : किल्ले आणि चर्च

किल्ल्यांच्या बाबतीत निवड करणे भाग होते. दक्षिण तीरावरचा आग्श्टाइन नदीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथे कैद्यांना उघड्या कड्यावर सोडत, मग उपासमार किंवा उडी यांपैकी एक त्यांनी निवडायचे, अशी दंतकथा सांगतात. मुलाला तो हवा होता. ड्यूर्नश्टाइनचा किल्ला कमी उंचीवर आहे, गावातून अर्ध्या तासात चढता येतो, आणि त्याचा इतिहास दंतकथेवर अवलंबून नाही. आम्ही ड्यूर्नश्टाइन निवडला. वहिनी खाली गावात थांबल्या.

तिसऱ्या धर्मयुद्धाहून परतताना इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला. ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लिओपोल्ड याने त्याला या किल्ल्यात क्युएनरिंग घराण्याच्या ताब्यात ठेवले आणि पुढल्या वर्षी सम्राट सहावा हेन्री याच्या हवाली केले. राजाच्या सुटकेसाठी प्रचंड चांदी मोजावी लागली, आणि ड्यूकच्या वाट्याला आलेल्या रकमेतून व्हिएन्नाची तटबंदी व वीनर नॉयश्टाट हे नवे नगर उभे राहिले. किल्ला आज भग्न आहे, कारण तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरीस, १६४५ मध्ये, स्वीडिश सैन्याने तो उडवून दिला. वर पोहोचल्यावर मुलगा म्हणाला, “काका, येथून नदीचे वळण दोन्हीकडे दिसते. म्हणजे जहाज कोणाचेही असो, आधी यांना कळणार.” आग्श्टाइन आणि ड्यूर्नश्टाइन हे किल्ले या दरीतच का उभे राहिले, हे त्याने थोडक्यात सांगितले. जकात आणि पहारा यांसाठी दरी अरुंद असणे हेच येथल्या सरदारांचे भांडवल होते.

खाली ड्यूर्नश्टाइनच्या मठाचा निळा-पांढरा मनोरा आहे. १४१० मध्ये स्थापन झालेला हा मठ १७८८ मध्ये बरखास्त झाला, पण १७३३ मध्ये पूर्ण झालेला मनोरा दरीची खूण म्हणून टिकला. गाव सुंदर आहे. दुपारी बोटी लागल्यावर मात्र मुख्य गल्लीत चालणे कठीण होते, म्हणून सकाळी नऊपूर्वी किंवा संध्याकाळी पाचनंतर यावे. दुपारी आम्ही वाइसेनकिर्शेन आणि सांक्ट मिशाएल येथे गेलो. दोन्ही ठिकाणची चर्च तटबंदीची आहेत, कारण संकट आले की गाव चर्चमध्ये शिरत असे. सांक्ट मिशाएलच्या छपराच्या कण्यावर मातीच्या सात प्राण्यांची रांग आहे. लोक त्यांना ससे म्हणतात, आणि एका हिवाळ्यात बर्फ इतका साचला की ससे छपरावरून धावले, अशी गोष्ट सांगतात. वहिनींना पूर्ण दरीत सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, आणि तिच्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही.

परतीच्या दिवशी मेल्क पाहिले. बेनेडिक्टाइन संन्यासी १०८९ पासून येथे आहेत. आजची इमारत १७०२ ते १७३६ या काळात बांधली गेली, आणि तिचा आराखडा याकोब प्रांटाउअर याचा आहे. ग्रंथालयाच्या छतावर पाउल ट्रोगर याची चित्रे आहेत. मठ भव्य आहे यात शंका नाही, पण आम्ही त्याच्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहत होतो. मळे, जंगले आणि गावे यांच्या उत्पन्नाशिवाय असे बांधकाम उभे राहत नाही, हे बंधूंना मोजमापांतून कळत होते आणि मला तीन दिवसांच्या चालण्यातून. पश्चिमेकडच्या गच्चीवर बंधू कठड्याशी उभे राहिले आणि त्यांनी भव्य दर्शनी भागाकडे पाठ करून कठड्याच्या दगडांचे सांधे तपासले. “येथे चुना आहे,” ते म्हणाले, आणि मुलगा नदीकडे बोट दाखवून म्हणाला की मग पाणी कोठून निघते ते पाहा.

आखणीत दोन बदल करायला हवेत. व्हिएन्नातील संग्रहालय आधी ठेवावे, आणि उघड्या होइरिगरांची यादी मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी गावातून घ्यावी. आग्श्टाइन राहिला, म्हणून मुलाने एप्रिलचे आठवडे मोजून ठेवले आहेत. तेव्हा जर्दाळूही फुललेले असतील, आणि वहिनींनी आर्न्सडॉर्फच्या बाजूला मुक्काम घ्यावा असे आताच सुचवले आहे, म्हणजे तराफा रोज घ्यावा लागेल.